चार डिस्क शाबूत होत्या

गेल्या महिन्यात भाऊंचा फोन आला. "नवा सर्व्हर घ्यायचाय. काय काय लागेल त्याची यादी व्हॉट्सॅपवर टाक, मुलगा ऑर्डर देईल."

भाऊंचा छापखाना लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे. पुस्तकं, स्मरणिका, आणि गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंक. त्यांच्या सर्व्हरचं काम मी २०१२पासून बघतो. यादी पाठवली नाही. म्हटलं, "भाऊ, शनिवारी येतो, बसून बोलू."

"यादीला काय बसायचं?"

"२०१६ आठवतंय ना?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "ये. जेवायलाच ये."

२०१६ची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तेव्हापासून मी सर्व्हर निवडायची पद्धतच बदलली. अनंत चतुर्दशीची दुसरी सकाळ. रात्रभर मिरवणुकांचा आवाज, मी डोंबिवलीत जेमतेम दोन तास झोपलो होतो. नऊ वाजता अक्षरजुळणीच्या ताईंचा फोन, "दादा, एकही फोल्डर दिसत नाहीये." पोहोचलो तर सर्व्हर चालू होता, पंखे फिरत होते, पण मशीनला डिस्कच दिसत नव्हत्या. चार डिस्कचा रेड ५ होता, म्हणजे चार डिस्क मिळून एक साठा आणि एक डिस्क गेली तरी मजकूर शाबूत, आणि तो सांभाळणारं रेड कंट्रोलर कार्ड मेलं होतं. डिस्क एकेक करून दुसऱ्या मशीनला लावून तपासल्या. चारही ठणठणीत. एकही खराब सेक्टर नाही. आणि तरीही त्यातलं एक पान आम्हाला वाचता येईना, कारण कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर, कुठल्या क्रमाने ठेवलाय ते फक्त त्या कार्डाला ठाऊक होतं.

कार्डाच्या कंपनीकडून उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालंय, पर्यायी कार्डाला तीन आठवडे लागतील. बॅकअप होता, पण अकरा दिवसांपूर्वीचा. बाहेरची डिस्क भरल्यामुळे त्यानंतरचे सगळे बॅकअप अर्धवट पडले होते आणि ते मला सांगणारी कुठलीही व्यवस्था मी लावलेली नव्हती. सप्टेंबरातले अकरा दिवस म्हणजे सहा दिवाळी अंकांची दुरुस्त केलेली प्रुफं. लेखकांनी, संपादकांनी रात्री जागून तपासलेली पानं.

मी दीड दिवस लॅमिंग्टन रोडवर फिरलो. हातात मेलेलं कार्ड घेऊन दुकानादुकानात विचारत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्रँट रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या सर्व्हरचे पार्ट विकणारे एक काका भेटले. त्यांनी खोक्यातून त्याच घराण्यातलं एक कार्ड काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, माझ्यासमोर मशीनला लावून दाखवलं. ते घेऊन गाळ्यात आलो, बसवलं, मशीन चालू केलं. स्क्रीनवर प्रश्न आला की डिस्कांवर दुसऱ्या कार्डाची मांडणी सापडली आहे, ती स्वीकारायची का? 'हो' दाबताना माझा हात थरथरत होता. फोल्डर दिसले. ताई माझ्या मागे उभ्या होत्या, त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या.

तेव्हापासून सर्व्हरमधल्या प्रत्येक वस्तूसाठी आणि प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी मी पहिला प्रश्न एकच विचारतो. हे गेलं तर त्याच्या जागी काय लावता येईल, आणि ते संध्याकाळपर्यंत मिळेल का? वेग, किंमत, कंपनीचं नाव, हे सगळं त्यानंतर.

या प्रश्नाला हार्डवेअर रेड, म्हणजे कार्डाच्या भरवशावरचा रेड, टिकत नाही, निदान छोट्या कचेरीत तरी नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेजारच्या कपाटात तेच कार्ड सुटं ठेवलेलं असतं, भाऊंकडे नसतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एमडीएडीएम या सॉफ्टवेअरने बांधलेल्या रेडची माहिती डिस्कांवरच लिहिलेली असते. डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, ते ओळखतं. याचा अनुभव २०१९च्या पावसाळ्यात आला. मदरबोर्ड गेला. दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढला होता. मी त्या डिस्क ताईंच्या जुन्या मशीनमध्ये लावल्या, पेनड्राइव्हवरून डेबियन हे लिनक्स चालू केलं, रेड जोडला आणि विंडोजच्या मशीनांना सर्व्हरवरचे फोल्डर दाखवणाऱ्या सांबाची सेटिंग फाइल बॅकअपमधून आणली. चाळीस मिनिटांत काम सुरू. भाऊंना त्या दिवशी सर्व्हर बिघडला होता हे चहाच्या वेळी कळलं.

आता यादी.

भाऊंच्या मुलाने डिस्क आधीच हेरून ठेवल्या होत्या, ऑनलाइन सगळ्यात स्वस्त आठ टीबीच्या. मी त्याला मॉडेल नंबर विचारला आणि त्याची माहितीपत्रिका उघडायला सांगितली. त्यात एसएमआर लिहिलं होतं. त्याला ते समजावताना मी कोकणातल्या कौलांचं उदाहरण दिलं, कारण तंत्र खरोखर तसंच आहे. डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी उचलावी लागतात. एरवी डिस्क हे काम मागे गुपचूप उरकते, पण रेडमध्ये नवी डिस्क घालून ती सलग भरायची वेळ आली की तिची दमछाक होते. एका सीएंच्या ऑफिसात मी हे पाहिलंय. एक दिवसात व्हायचा रिबिल्ड, म्हणजे नवी डिस्क भरायचं हे काम, सहाव्या दिवशीही चालूच होता, आणि ते सहा दिवस दुसरी डिस्क जाऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो. साठवून ठेवायच्या एकट्या बॅकअप डिस्कसाठी एसएमआर चालेल. रेडमध्ये सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेलीच, घ्यायची. खोक्यावर हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, म्हणून मॉडेल नंबरवरून माहितीपत्रिका काढून बघायचीच.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. डेस्कटॉपची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी कधी मिनिटापेक्षा जास्त. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र साधारण ३० सेकंद वाट बघून डिस्क मेली असं समजतो आणि चांगली डिस्क रेडमधून बाहेर काढतो. एनएएस (नेटवर्कवरची साठवणपेटी) किंवा सर्व्हरच्या डिस्क सात सेकंदांत हात वर करतात, मग रेड दुसऱ्या डिस्कवरून ते वाचून घेतो. डिस्क तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनात एससीटीईआरसी ही सेटिंग बघितली की डिस्कला हे जमतं की नाही ते कळतं. विकत घेतल्यावर पहिल्या तासात मी हेच बघतो. त्याचबरोबर किती तास चालली आहे तेही बघतो. 'नवी कोरी' म्हणून आणलेल्या एका डिस्कचा आकडा अकरा हजार तासांपुढे गेलेला मला सापडला होता. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिली. सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे ना हेही तिथल्या तिथे बघावं. आणि चारही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नयेत. एकाच खेपेतल्या, एकाच टेम्पोत आपटलेल्या डिस्क एकदमच आजारी पडू शकतात.

चार डिस्क कशा लावायच्या यावर भाऊंच्या मुलाचं म्हणणं रेड ५ होतं, कारण चारातल्या तीन डिस्कांची जागा मिळते. मी नाही म्हटलं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रिकेत १०चा १४वा घात इतक्या बिट्समागे वाचनाची एक चूक होऊ शकते असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात आणि सर्व्हरच्या डिस्कांचा आकडा दहापट चांगला असतो, हे मान्य. तरी आठ टीबीच्या चारातली एक गेली तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत, २४ टीबी, न चुकता वाचाव्या लागणार आणि त्या काळात तुमच्या हातात काहीही राखीव नाही. त्यापेक्षा जोड्या लावाव्यात. दोन-दोनचे दोन मिरर, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच लिहिलेलं. जागा १६ टीबी मिळते, पण एक डिस्क गेली तर फक्त तिच्या जोडीदाराची नक्कल करायची असते. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने पूर्ण आठ टीबी म्हणजे जवळपास १५ तास. रात्री लावली की दुसऱ्या दिवशी सकाळी काम उरकलेलं. रेड ६ कुठल्याही दोन डिस्क जाणं सोसतो, हा त्याचा मोठेपणा आहेच. सहा-आठ डिस्क असत्या तर मी तोच घेतला असता.

फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीवर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि ते मराठीमुळे.

लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम असो की एक्सएफएस, फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरं होतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. चिन्हं म्हणजे डोळ्याला दिसणारी अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'मुखपृष्ठ' हा चार अक्षरांचा शब्द आठ चिन्हांचा आणि २४ बाइटचा आहे. विंडोजच्या डिस्कवर मात्र तीच मर्यादा २५५ चिन्हांची असते. त्यामुळे ताईंच्या मशीनवर 'दिवाळी अंक मुखपृष्ठ दुसऱ्या दुरुस्तीनंतर संपादकांनी पाहिलेले अंतिम' आणि त्यापुढेही वाढत वाढत गेलेली नावं मजेत राहतात आणि सर्व्हरवर टाकताना कॉपी अडते. कारण कुणालाच कळत नाही. आता आम्ही अंकाचं नाव, पान आणि तारीख एवढंच नावात ठेवतो.

दुसरा घोळ मला सापडायला एक वर्ष लागलं. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. दिसायला तंतोतंत एक. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं तोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे, साठवायची. एका चित्रकाराच्या मॅकवरच्या डिस्कमधून मी फोल्डर आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने सर्व्हरवर आणले, ताईंनी विंडोजवरून त्याच नावाने फाइल जतन केली, आणि फोल्डरमध्ये 'दुसऱ्या प्रूफ' नावाच्या दोन फाइल झाल्या. लिनक्सला बाइट वेगळे दिसले, म्हणून फाइल वेगळ्या. छापायला गेली ती जुनी. तो फर्मा, सोळा पानं, भाऊंनी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिला.

झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये डेटासेट (साठ्याचा स्वतंत्र भाग) बनवताना नॉर्मलायझेशन नावाचं सेटिंग देता येतं. मग अशी दोन नावं एकच धरली जातात. ते पहिल्या दिवशीच द्यावं लागतं, नंतर बदलता येत नाही. मराठी फाइलनावं वापरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

पण झेडएफएस घ्यायचं मुख्य कारण दुसरं आहे. पाच वर्षांपूर्वीच्या एका मुखपृष्ठाचं स्कॅन उघडलं तेव्हा मधोमध राखाडी पट्टा आला. डिस्कने काही तक्रार केली नव्हती, रेडने केली नव्हती, आणि बॅकअपने तोच बिघडलेला पट्टा इमानेइतबारे नकलून ठेवला होता. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज लिहून ठेवतो, वाचताना ताडून बघतो आणि चुकला तर मिररमधल्या दुसऱ्या डिस्कवरची चांगली नक्कल आणून दुरुस्त करतो. डेबियनवर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो सगळा साठा आपणहून तपासतो. छापखान्याच्या जुन्या फाइल वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, त्यांच्यासाठी हीच खरी राखण.

त्याची एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. सन मायक्रोसिस्टम्सने २००५मध्ये झेडएफएस ज्या परवान्याखाली खुला केला तो लिनक्स कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून तो कर्नलमध्ये नसतो. डेबियनवर दर नव्या कर्नलबरोबर त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, नव्याने बांधलं जातं. ते बांधणं फसलं तर साठा दिसत नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मी दोन छोट्या एसएसडींवर, साध्या एमडीएडीएम मिररवर, ईएक्सटी४मध्ये ठेवतो. काहीही झालं तरी मशीन सुरू होतं आणि मला घरून आत शिरता येतं. गणपती ते दिवाळी कर्नलला हात लावत नाही; माझ्याशिवाय बाहेरून कुणी त्या मशीनपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून एवढी सवलत घेतो.

एसएसडी घेताना वीज गेल्यावर आतलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असलेली, सर्व्हरची घ्यावी. १२ ऑक्टोबर २०२०ला सोमवारी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा भाऊंचा यूपीएस वीस मिनिटं टिकला आणि नट नावाच्या सॉफ्टवेअरने सर्व्हर नीट बंद केला. दुसऱ्या एका ठिकाणी यूपीएसची बॅटरी मेलेली होती, एसएसडी साधी होती, आणि डेटाबेस दुरुस्त करण्यात माझे दोन दिवस गेले. ४८० जीबीची, रोज एकदा पूर्ण भरण्याची पाच वर्षांची हमी असलेली एसएसडी ८७६ टीबी लिखाण सोसते. भाऊंच्या सर्व्हरवर रोज एसएसडीवर ४० जीबीसुद्धा लिहिलं जात नाही. त्याहून महागडीची गरज नाही.

डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार घ्यायचा याचा, निर्णय पाच मिनिटांत झाला. मी अनेक वर्षं सेंटओएस, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट प्रत, वापरलं. ८ डिसेंबर २०२०ला घोषणा झाली की सेंटओएस ८ला २०२९पर्यंत नव्हे, तर २०२१च्या अखेरपर्यंतच आधार मिळेल. माझी तीन मशीनं नुकतीच ८वर नेलेली होती. रॉकी आणि अल्मा त्यातूनच उभे राहिले, दोन्ही चांगले आहेत, आणि ज्यांचं सॉफ्टवेअर रेड हॅटवरच चालतं त्यांनी तेच घ्यावं, दहा वर्षांची निश्चिंती मिळते. छापखान्याला लागतं सांबा, आरसिंक आणि कामांच्या नोंदवहीसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस. त्याला डेबियन. १९९३पासून स्वयंसेवकांनी चालवलंय, कुणा एका कंपनीच्या बैठकीत ते बंद होऊ शकत नाही. उद्या मी नसलो तर ते सांभाळणारा दुसरा माणूस दादर-ठाण्यात सहज मिळेल, हेही आलं.

सर्व्हर ठेवायचा कुठे यावर मात्र जेवण होईपर्यंत चर्चा चालली. गाळ्याच्या भिंतीवर भाऊंनी २६ जुलै २००५च्या पाण्याची रेघ अजून जपली आहे, माझ्या कमरेएवढी. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं पोटमाळ्यावर. पण पोटमाळ्यावर पत्रा तापतो आणि मे महिन्यात डिस्कचं तापमान ५२ अंशांवर गेलेलं मी पाहिलंय. शेवटी पोटमाळ्याखाली, रेघेच्या दोन फूट वर, लोखंडी मांडणी ठोकायची ठरली. एसीच्या खाली नाही, कारण एसी गळतो. कटिंग मशीनपासून लांब, कारण कागदाची धूळ.

बॅकअप तिहेरी: दर तासाला झेडएफएसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या साठ्याची जपलेली स्थिती, जो ताईंना विंडोजमधूनच 'मागील आवृत्ती' म्हणून दिसतो, रोज रात्री शेजारच्या गाळ्यातल्या छोट्या मशीनवर, आणि दर शनिवारी भाऊंच्या मुलुंडच्या घरी जाणारी कुलूपबंद डिस्क. कुठलाही चुकला तर मला आणि भाऊंच्या मुलाला मेल येतो. बरोबर झाला तरी येतो. मेल आला नाही की मी फोन करतो.

परवाच्या शनिवारी सर्व्हर उभा राहिला. प्रत्येक डिस्कच्या कप्प्यावर तिच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवले, कारण बिघडलेली सोडून चांगली डिस्क ओढणं हा अपघात मी होताना पाहिलाय. जुना सगळा मजकूर नव्यावर आला. मग ताईंना तीनशे पानांची एक कादंबरी उघडायला सांगितली आणि भाऊंना म्हटलं, "आता तिसरा कप्पा ओढा."

"चालू असताना?"

"चालू असतानाच."

भाऊंनी शर्टाला हात पुसले, खटका दाबला आणि डिस्क बाहेर काढली. माझ्या खिशात फोन वाजला, मुलाच्याही वाजला. डिस्क गेल्याचा मेल होता. ताई पानं उलटत होत्या. २१२, २१३, २१४. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली आणि फाइल जतन केली.

"ही आता परत लावू?" भाऊंनी विचारलं.

"नको, ती बाजूला ठेवा. मुलाला म्हणावं सुटी आणलेली पाचवी लाव. ती त्याने लावायची, मी नाही."

मुलाने नंबर दोनदा वाचला, डिस्क आत सरकवली, मी लिहून ठेवलेला कागद समोर धरून आज्ञा टाइप केली. नक्कल सुरू झाली. साठ्यात जेवढा मजकूर आहे तेवढाच नकलायचा असल्याने तीन तास दाखवत होते. भाऊंनी चहा सांगितला, आणि ताई पुन्हा २१५व्या पानावर गेल्या.